सारंगाची वेळ

दुपारी एक वाजता गाणं ऐकायला जायचा योग माझ्या आयुष्यात साठीनंतर आला. चौतीस वर्षं मी बोरिवलीहून सकाळची फास्ट पकडून चर्चगेटला उतरत होते आणि दिवे लागल्यावर परतत होते. त्या सगळ्या वर्षांतल्या दुपारी ट्यूबलाइटखाली गेल्या. बाहेर ऊन कलतंय की पाऊस भरून आलाय, हे कचेरीतल्या शिपायाची छत्री पाहून कळायचं. गाणं संध्याकाळी ऐकायचं, तेही पार्ल्याला किंवा दादरला, आणि घड्याळाकडे बघत, कारण परतीची गाडी.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती विद्याविहारला, सोमैया विद्यापीठात शिकते.

"मावशी, बुधवारी दुपारी काय करतेस?"

"काही नाही गं. का?"

"आमच्याकडे मधल्या सुट्टीत बैठक आहे. एक ते पावणेदोन. माइक नाही, स्टेज नाही, एका खोलीत बसून. माझी मैत्रीण गातेय. सारंग."

"भर दुपारी?"

"मग सारंग केव्हा गाणार?" ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला आमचे मास्तर आठवले. बोरिवलीत रेल्वेलाइनीच्या जवळ, दोन खोल्यांच्या जागेत ते गाणं शिकवायचे. वर्ग संध्याकाळी साडेसातचा, कारण मास्तर स्वतः दिवसभर नोकरीला आणि आम्ही मुलं शाळेला. वृंदावनी सारंग त्यांनी आम्हाला त्याच वेळी शिकवला, बाहेर अंधार पडलेला असताना. आरोह-अवरोह घोटून झाले, बंदिश बसली, आणि वही मिटता मिटता ते म्हणाले, "आत्ता नुसते सूर घेऊन ठेवा. हा कधीतरी दुपारी म्हणा, मग कळेल." मी बारा-तेरा वर्षांची असेन. ते 'कधीतरी' पुढं शाळेत, कॉलेजात, मग कचेरीत हरवलं. लग्नानंतर तानपुरा गवसणीत गेला आणि गवसणी कपाटावर.

आईला मात्र दुपार होती. जेवणं आवरली की ती रेडिओ लावायची. सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी चटईवर पडून मी जे थोडंफार ऐकलं, तेवढंच माझ्या वाट्याचं दुपारचं गाणं.

बुधवारी सव्वाअकराला निघाले. बोरिवली ते विद्याविहार हा प्रवास मुंबईच्या नकाशावर आडवा आहे, आणि आडवं जाणं या शहरात फार काळ कठीण होतं. आमच्या गाड्या उत्तर-दक्षिण धावतात. पश्चिम रेल्वेवरच्या माणसाला मध्य रेल्वेवरच्या नातेवाइकाकडे जायचं तर दादरपर्यंत खाली उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा वर चढायचं. नाहीतर अंधेरीहून बेस्टची ३४० नंबरची बस, जी साकीनाक्याला अशी अडकायची की बसलेल्या बायका एकमेकींच्या घरची सगळी हकिगत ऐकून मोकळ्या व्हायच्या. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं, वीस-एकवीस मिनिटं. मुंबईची ही पहिली मेट्रो. माझ्या मते तिनं या शहराची दोन उपनगरं पहिल्यांदा एकमेकांची शेजारी केली. बोरिवलीची मावशी आणि विद्याविहारची भाची यांच्यातलं अंतर तिच्यामुळं दुपारच्या एका फेरीचं झालं.

साडेअकराची लोकल मला नवी होती. सकाळच्या गाडीत पाय टेकायला जागा नसते. या गाडीत खिडकी मिळाली. समोरच्या बाकावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन झोपल्या होत्या, दारात टिकल्या आणि क्लिपा विकणारी मुलगी पाय सोडून बसली होती. कांदिवली, मालाड, गोरेगाव ही स्टेशनं मी हजारो वेळा पाहिली असतील. पण फलाटावर पत्र्याच्या छपराची सावली कुठवर येते, हे त्या दिवशी पाहिलं. अकरा-साडेअकराला ती अगदी आखूड होते, छपराच्या खाली आत सरकून बसते.

अंधेरीला मेट्रोत चढले. चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ नाका. गाडी रस्त्याच्या वरून, घरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या उंचीनं जाते, त्यामुळं लोकांची वाळत घातलेली दुपार दिसते: गच्चीवरच्या चादरी, ताटात पसरलेल्या मिरच्या, पाण्याची निळी पिंपं. असल्फ्याला टेकडीच्या उतारावरची घरं आली. २०१७-१८ च्या सुमारास या वस्तीच्या भिंती पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगांनी रंगवल्या गेल्या. आता काही रंग उडालेत. तरी बाराच्या उन्हात ती टेकडी डोळ्यांत भरते. उन्हानं सगळ्या घरांच्या सावल्या पुसल्या होत्या. एकही कोपरा अंधारा नव्हता. ही गोष्ट मी तेव्हा नुसती पाहिली. तिचा उपयोग मला तासाभरानं झाला.

घाटकोपरला पुलावर गर्दी होती, पण पळती नव्हती. फलाटावर एक डबेवाले उभे होते. लांब लाकडी पाटी खाली टेकवलेली, रिकामी. त्यांचे डबे पोचलेले असणार. १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी हे काम मुंबईत सुरू केलं, आणि तेव्हापासून या शहरात दुपारच्या जेवणाची वेळ पाळायचं व्रत जर कुणी निष्ठेनं चालवलं असेल तर त्यांनी. साडेबाराला डबा पोचला पाहिजे म्हणजे पोचला पाहिजे. मला वाटलं, दुपारच्या रागाला असा एखादा डबेवाला मिळाला असता तर.

घाटकोपरहून पुढचंच स्टेशन विद्याविहार. इथे फास्ट गाड्या थांबत नाहीत. ठाण्याकडून येणारी फास्ट या फलाटाजवळून धडधडत निघून जाते आणि धूळ खाली बसेपर्यंत स्टेशन पुन्हा शांत होतं. नाव तर किती गोड, विद्याविहार. पूर्वेला बाहेर पडलं की सोमैयांचा शैक्षणिक परिसर सुरू होतो, त्यावरूनच हे नाव आलं. साखर कारखानदारीतून उभे राहिलेले करमशी सोमैया यांनी १९५९ मध्ये इथे महाविद्यालय काढलं. २०१९ मध्ये या संस्थांमधून सोमैया विद्याविहार विद्यापीठ झालं. संगीत आणि रंगमंचीय कला शिकवणारं विद्यालयही आवारात आहे. पण मला ज्या बैठकीचं बोलावणं होतं ती कुठल्या विभागाची नव्हती. वेगवेगळ्या शाखांच्या मुलामुलींनी मागून घेतलेली एक खोली आणि मधली सुट्टी, एवढाच तिचा संसार.

फाटकातून आत गेलं की झाडं लागतात. घाटकोपरच्या एवढं जवळ असूनही रस्त्याचा आवाज मागं पडतो. पिंपळाला तांबूस पालवी आलेली होती. कुठल्यातरी उंच फांदीवर तांबट बसला असावा, कारण त्याची ती एकसारखी टुक् टुक् चालली होती. लहान, हिरवा, छातीवर लाल ठिपका असलेला हा पक्षी उन्हाळ्यात भर दुपारी तासन् तास एकाच सुरात, एकाच लयीत बोलत राहतो. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. बाकीचे पक्षी सावलीत गप्प झालेले असताना हा एकटा बोलतो.

भाची पायरीवर उभीच होती. "मावशी, एक अडचण आहे. तानपुऱ्यावर बसणारी मुलगी प्रॅक्टिकलमध्ये अडकलीय. तू बसशील?"

"अगं, मी किती वर्षांत हात लावला नाही."

"चार तर तारा आहेत. बस ना."

मी बसले.

खोली साधारण एका वर्गाएवढी. बाकं भिंतीशी सारलेली, मधे दोन सतरंज्या. तीस-पस्तीस मुलं येऊन बसली. कुणी डबा खाऊन आलं होतं, कुणाचा डबा अजून पिशवीत होता. 'खाणं नंतर' असं आधीच ठरलं होतं. मग भाचीनं उठून पंखे बंद केले. एसी आधीच बंद होता. मार्चअखेरच्या मुंबईत दुपारी एक वाजता पंखे बंद करायचे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण कुणी कुरकुरलं नाही. गायला बसलेली मुलगी, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची, म्हणाली, "एसीत तानपुरा टिकत नाही, आणि पंख्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही. पाऊण तास सांभाळून घ्या." खिडक्या उघडल्या. तांबट आत आला, म्हणजे त्याचा आवाज.

काळी चारमध्ये तानपुरा लावायला दहा मिनिटं गेली, आणि ती दहा मिनिटं कुणी वाया गेलेली मानली नाहीत. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, चौथी खर्जाची. पहिल्या तारेला मधलं बोट, उरलेल्या तिघींना तर्जनी. बोटांना सगळं आठवत होतं. घोडीवर जवारीचा दोरा केसभर मागंपुढं सरकवला आणि तारा एकदम उमलल्या. खर्जातून गंधार ऐकू यायला लागला. तानपुऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी खर्ज नीट लागला की त्यातून गंधार बोलतो. तबल्यावरचा मुलगा हातोडीनं गठ्ठे ठोकत होता. उन्हाच्या तावानं पुडी ताणली जाते आणि तबला चढतो, त्याला उतरवून आणावं लागतं. हे सगळं मी सभागृहाच्या बाविसाव्या रांगेतून कधी पाहिलं नव्हतं. तिथं पडदा उघडतो तेव्हा सगळं लागलेलं असतं.

युरोपात अशा गाण्या-वाजवण्याला खोलीतलं संगीत म्हणतात, चेंबर म्युझिक. मोजके वादक, एकेका ओळीला एकेक वाद्य, समोर छडी घेऊन उभा राहणारा कुणी नाही. मुंबईत त्याची एक सुंदर आठवण आहे. वॉल्टर कॉफमन नावाचे ज्यू संगीतकार हिटलरच्या सावटामुळं युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईला आले. आल्या आल्या त्यांनी इथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता असत, झुबीन मेहतांचे वडील. पुढं कॉफमन मुंबईच्या रेडिओवर युरोपीय संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ मध्ये भारतातून गेले. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून, तानपुऱ्यावर व्हायोलिन उमटते ती, त्यांचीच. आईच्या रेडिओतून रोज आमच्या घरात येणारे हे सूर निर्वासित होऊन आलेल्या माणसाचे होते, हे कळलं तेव्हा मला फार आपलं वाटलं. नंतर अमेरिकेत जाऊन त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर मोठा ग्रंथ लिहिला.

आपल्याकडं खोलीतलं संगीत वेगळं काढून दाखवावं लागत नव्हतं. आपलं सगळं रागसंगीत खोलीतलंच होतं. दिवाणखान्यात, देवळाच्या सभामंडपात, वाड्याच्या माजघरात ते वाढलं. कुजबुजीएवढ्या आवाजात लावलेला सूर समोरच्या माणसाच्या कानापर्यंत जावा, एवढंच त्याला हवं होतं. ध्वनिक्षेपक आला, सभागृहं आली, हजारांनी लोक ऐकू लागले, आणि मी त्याबद्दल तक्रार करणार नाही, कारण त्याच सभागृहांत मी माझं सगळं आयुष्य ऐकत आले. पण खोलीबरोबर दुपार गेली. सभागृहाचं तिकीट काढणारा माणूस नोकरदार असतो. तो सहाला सुटतो. म्हणून मैफल साडेसहाला. म्हणून पूरिया, मारवा, यमन, बागेश्री यांना रोज श्रोते आहेत, आणि सारंगाचे सगळे प्रकार, गौड सारंग, भीमपलास, मुलतानी यांना रविवारच्या एखाद्या सकाळ-दुपारच्या मैफलीची वाट बघावी लागते.

विष्णु नारायण भातखंडे या मुंबईच्याच माणसानं, वाळकेश्वरात १८६० मध्ये जन्मलेल्या या वकिलानं, रागांच्या वेळेचं शास्त्र मांडलं. मराठीत, गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात, चार भागांत. हिंदुस्थानी संगीत पद्धतीचा पहिला भाग १९१० चा. दुपारी बारा ते रात्री बारा गायच्या रागांचा वादी स्वर सप्तकाच्या पूर्वार्धात असतो, रात्री बारा ते दुपारी बारा या काळातल्यांचा उत्तरार्धात. म्हणजे मध्यान्ह हा नुसता घड्याळातला काटा नाही. गाण्याचं वजन तिथे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातं. सारंग त्या कुशीवर वळण्याच्या क्षणी उभा असतो.

हे सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही. दक्षिणेकडचे गवई वेळेचं बंधन पाळत नाहीत आणि त्यांचं संगीत त्यानं काही उणं झालेलं नाही. आपल्याकडंही १९७९ ते १९९२ एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख असलेल्या प्रभा अत्रे यांनी राग आणि समय यांच्या नात्याबद्दल परखड प्रश्न विचारले. मी त्यांच्या गाण्यावर जीव टाकणारी बाई, त्यामुळं ते प्रश्न मी कधी झटकले नाहीत. सूर तेच, श्रुती त्याच, मग संध्याकाळी सारंग गायला तर काय बिघडतं? माझ्याकडं शास्त्रातलं उत्तर नव्हतं. त्या बुधवारपर्यंत अनुभवातलंही नव्हतं.

मुलीनं शुद्ध सारंग सुरू केला. विलंबित एकताल. या रागात दोन मध्यम शेजारी शेजारी लागतात. तीव्र मध्यमावरून पंचमाला जायचं आणि उतरताना शुद्ध मध्यम घेऊन थेट रिषभावर यायचं. गंधार नाही. मध्यम आणि रिषभ यांच्यामधली ती पायरी काढूनच टाकलेली आहे. तिचा आवाज मोठा नव्हता. कॉलेजच्या स्पर्धेत बक्षीस मिळवणारा तर मुळीच नव्हता. पण माझ्यापासून ती हातभर अंतरावर होती, आणि मध्यमावरून रिषभावर उतरताना तिचा श्वास कुठे वळतो, ते मला ऐकू येत होतं. माइकनं ते मला कधीच दिलं नसतं. तानपुरा माझ्या खांद्याला लागलेला, त्याचं कंपन गळ्याच्या हाडापर्यंत येत होतं. मी वाजवत होते की वाजवली जात होते, सांगता येत नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी तिनं वृंदावनी सारंग घेतला, तीनतालात, मध्यलयीत. माझा, मास्तरांचा वृंदावनी. यात गंधारही नाही, धैवतही नाही. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. पाचच स्वरांचा राग, लहान मुलांना लवकर शिकवतात तो. सा रे म प नि सा. तिनं रिषभावर न्यास केला आणि तिथंच थांबली. बाहेर ऊन पडलं होतं. खिडकीच्या गजांची सावली सरळ गजांच्या पायाशी. पिंपळाचं पान हलत नव्हतं. आणि मला असल्फ्याची टेकडी आठवली, एकही कोपरा अंधारा नसलेली.

मग मला कळलं की मास्तर काय म्हणत होते.

सारंगात गंधार नाही, कारण मध्यान्हीला सावली नाही. कोमल असो की शुद्ध, गंधार लागला की रागाला एक आतली बाजू येते, कुणीतरी कुणाची वाट पाहत असल्यासारखी. यमनाच्या गंधारात दिवा लागतो. बागेश्रीच्या गंधारात रात्र वाढत जाते. सारंगात ती आतली बाजू काढून घेतलेली आहे. रिषभावरून मध्यमावर थेट जायचं, मधे टेकायला जागा नाही. सगळं उजेडात. त्यात दुःख नाही, आर्जव नाही. असलीच तर एक स्वच्छ तहान आहे. संध्याकाळी ट्यूबखाली आम्ही तेच सूर म्हणत होतो आणि आम्हाला तो नुसता सोपा राग वाटला होता. गंधार नसणं म्हणजे एक स्वर कमी, एवढंच कळलं होतं. तो का नसावा, ते उन्हात बसल्याशिवाय कळायचं नव्हतं. हे शास्त्र नाही, भातखंड्यांनी असं काही लिहिलेलं नाही. ही माझी समजूत आहे. पण ती मला पन्नास वर्षांनी मिळाली, आणि मी ती सोडणार नाही.

आणि खर्जाच्या तारेतून तो न गायलेला गंधार सगळा वेळ माझ्या कानाशी हळूच बोलत होता. राग त्याला घेत नव्हता, तानपुरा त्याला सोडत नव्हता.

एक पस्तीस झाले असतील. तबलजीनं तिहाई घेतली, समेवर सगळ्यांचे हात एकदम सतरंजीवर पडले. मुलगी पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "पाच-सात मिनिटं भीमपलास म्हणते." तिनं मंद्र निषादावरून षड्ज घेतला आणि तिथून कोमल गंधारावर गेली.

तो गंधार मला सांगता येणार नाही. अर्धा तास त्याच्याविना ऐकल्यावर तो आला होता. खोलीत कुणीतरी "अहाहा" म्हणालं. कुणी जाणती व्यक्ती नव्हती, मागं भिंतीला टेकून बसलेला एक पोरगा होता, बहुधा मित्राबरोबर आलेला. मी मान वर करून खिडकीकडं पाहिलं. गजांच्या सावल्या तिरप्या होऊन फरशीवर चार बोटं आत आल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये संध्याकाळी ब्लॅकआउट असे, सभागृहं बंद पडली होती. नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवल्यामुळं दालनं रिकामी होती. पियानोवादक मायरा हेस यांनी तिथं दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, संगीत सुरू केलं. १० ऑक्टोबर १९३९ ला पहिली बैठक. आठवड्यातून पाच दिवस, एक शिलिंग तिकीट, १९४६ च्या एप्रिलपर्यंत एकूण १,६९८ कार्यक्रम. कचेरीतले लोक सँडविच खाऊन ऐकायला बसत. संध्याकाळ हिरावली गेली म्हणून त्या शहराला दुपार सापडली. आपल्याकडं काहीसं तसंच दुसऱ्या कारणानं झालं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला, रात्र रात्र चालणारे महोत्सव आवरते झाले आणि पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव दुपारीच सुरू होऊ लागला. मालकंस-दरबारीच्या पुढची रात्र आपण गमावली, त्याचं मला दुःख आहे. पण मुलतानीला त्याची वेळ थोडी परत मिळाली.

तरी महोत्सव वर्षातून एकदा. रोजची दुपार अजून कुणाजवळ उरली असेल तर ती शाळा-कॉलेजांजवळ. किरण सेठ यांनी दिल्लीच्या आयआयटीत शिकवताना १९७७ मध्ये स्पिक मॅके ही चळवळ सुरू केली, मोठमोठे कलावंत वर्गखोल्यांत नेऊन बसवले, आणि हे कार्यक्रम तासांच्या मधे, दिवसाउजेडी होत असल्यानं कितीतरी मुलांनी सकाळचे आणि दुपारचे राग त्यांच्या वेळेला ऐकले, जे त्यांच्या आईवडिलांना तिकीट काढूनही मिळाले नाहीत. कुमार गंधर्वांनी तर मधसुरजा नावाचा राग निर्माण केला, नावातच माथ्यावरचा सूर्य असलेला. तो ऐकायला बसायची जागा शोधायची तर मी विद्याविहारच्या त्या खोलीसारखी एखादी खोली सुचवीन, पंखे बंद केलेली.

पावणेदोनला मुलीनं तानपुऱ्याला हात लावून नमस्कार केला. पंखे सुरू झाले. सगळी खोली एकदम बोलायला लागली. डबे उघडले. एका मुलानं मला मेथीचे पराठे दिले, दुसरीनं तिच्या आजीनं केलेला कैरीचा तक्कू. गाणारी मुलगी घाईत होती, दोनला तिचा तास होता. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, तुमचा तानपुरा फार स्थिर होता. नेहमी याल का?"

"पुढच्या वेळी कोणता राग?" मी विचारलं.

"गौड सारंग बसवतेय. अजून लागत नाही नीट. गंधार फार वाकडा आहे त्याचा."

"लागेल," मी म्हटलं. गौड सारंगाला दिवसाचा बिहाग म्हणतात. नाव सारंगाचं आणि सगळी मदार गंधारावर. वाटलं तिला बसवून विचारावं, मग तो सारंगांच्या घरात राहतो कसा? पण घंटा झाली होती.

परतीला विद्याविहारच्या फलाटावर वीस मिनिटं बसले. दोन फास्ट गाड्या निघून गेल्या. उजव्या हाताच्या तर्जनीवर तारेचा बारीक व्रण उठला होता, तो अंगठ्यानं चाचपत होते. असल्फ्याला आले तेव्हा घरांच्या भिंतींना एका बाजूनं सावली धरली होती, पिवळ्या भिंतीला मातकट, निळ्या भिंतीला जांभळी.

दुसऱ्या दिवशी जेवणं लवकर उरकली आणि शेजारच्या मुलाकडून कपाटावरची गवसणी उतरवून घेतली. आतून डांबरगोळ्यांचा वास आला. भोपळा शाबूत आहे, तबली शाबूत आहे. जोडाची एक तार तुटून कुरळी झालेली, खर्ज काळा पडलेला. पंचम तेवढा वाजला. त्या एका तारेवर मी बाराच्या ठोक्याला सा रे म प म्हणून पाहिलं, आवाज रिषभावर थरथरला. तारांचा नवा संच दादरला मिळतो. उद्या साडेअकराच्या गाडीनं जाणार आहे.